नदीकाठच्या घरात पाणी शिरलं तर आधी काय करायचं आणि मग काय

गोव्यातल्या महादई, वाळवंटी, शापोरा या नद्यांच्या काठावर राहणाऱ्यांसाठी हे लिहितोय, म्हणजे सत्तरी, डिचोली, पेडणे, उसगाव-गांजेचा पट्टा आणि खाली कोलवाळपर्यंत. 23 जुलै 2021 चा पूर कोणी विसरलेला नसेल, 1982 नंतरचा सगळ्यात मोठा असं मुख्यमंत्र्यांनीच तेव्हा सांगितलं होतं, शेकडो घरांचं नुकसान झालं आणि त्यात मातीच्या भिंतींची घरं बरीच होती. पाणी चढत असतं तेव्हा सगळा गाव जागा असतो, एकमेकांना हाका मारत असतो. पण ओसरल्यावर जो तो आपल्या घरात घाईघाईने शिरतो आणि शॉक, साप, पडकी भिंत, खराब पाणी हे सगळं तेव्हाच गाठतं. म्हणून क्रम महत्त्वाचा.

पाणी यायच्या आधीचं थोडक्यात. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की फक्त आपल्या अंगणातला पाऊस बघून ठरवू नका. आपल्या नद्यांना पाणी घाटातून येतं, इथे उघडीप असली तरी वर चोर्ल्याच्या बाजूला धो धो चालू असेल तर काही तासांत व्हाळ, म्हणजे ओढे, फुगतात. शापोऱ्याच्या काठी तर अजून एक गोष्ट आहे, तिळारी धरण. ते महाराष्ट्रात दोडामार्गला, तिथून पाणी सोडलं की साळ, इब्रामपूर, चांदेल या बाजूला पातळी वाढते, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि परत 2021 ला लोकांनी ते भोगलंय. साखळी-पर्ये भागात अंजुणे धरणाकडे लक्ष ठेवावं लागतं. त्यातच अमावास्या किंवा पुनवेची मोठी भरती असली तर खालच्या भागातलं पाणी समुद्राकडे लवकर उतरतच नाही, म्हणून पंचांग आणि भरतीची वेळ दोन्ही बघून ठेवा. आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे नदीच्या वरच्या गावातल्या एका ओळखीच्या माणसाशी आधीच बोलून ठेवणं, तिकडे पुलाला पाणी लागलं की लगेच फोन कर म्हणून. सरकारी मेसेज येतोच, पण तो येईपर्यंतचा तास आपल्या हातात राहतो.

निघायची वेळ आली तर मेन स्विच बंद, इन्व्हर्टर बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद. सिलिंडर मोकळा ठेवू नका, पाण्यात तो तरंगतो आणि नळी तुटते, खिडकीच्या गजाला दोरीने बांधा. कागदपत्रं, औषधं, चष्मा, चार्जर एका प्लास्टिकच्या पिशवीत. आणि गोठ्यातली दावी सोडा. हे मी मुद्दाम वेगळं सांगतो कारण घाईत माणसं निघतात आणि गाय-म्हैस खुंट्याला तशीच राहते. मोकळं जनावर स्वतःहून उंचावर जातं, बांधलेलं जागेवर मरतं. कोंबड्यांचे खुराडे पण उघडून द्या.

वाहत्या पाण्यातून जाऊ नका, ओळखीचा रस्ता असला तरी नाही. घोट्याच्या थोडं वर, म्हणजे 15 सेंटिमीटर जोराचं पाणी चालत्या माणसाला पाडू शकतं, 60 सेंटिमीटरमध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात, आणि गढूळ पाण्याखाली रस्ता उरलाय की खचलाय ते वरून दिसत नाही. कोणी अडकलं असेल तर 112 किंवा अग्निशामक दलाला 101, अँब्युलन्सला 108. फोन करताना वाड्याचं नाव, जवळचं देऊळ किंवा पूल, किती माणसं, त्यात आजारी किंवा म्हातारं कोण, आणि गाडी कुठपर्यंत येऊ शकते हे सांगा. "आमच्याकडे पूर आलाय" एवढ्यावर त्यांना काही करता येत नाही.

आता परत आल्यावर. बाहेर उभं राहून आधी घर बघा. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची भिंत बऱ्यापैकी तग धरते, पण मातीची भिंत पाणी पिऊन फुगते आणि बऱ्याचदा पाणी गेल्यावर, ऊन पडल्यावर, दोन-चार दिवसांनी बसते. बुडाशी माती सुटून खाच पडलीय का, कोपऱ्यात वरून खाली नवीन तडा गेलाय का, दार चौकटीत अडकतंय का, पाख्याची कौलं एका बाजूला सरकलीत का हे बघा. यातलं एक जरी दिसलं तर त्या खोलीत झोपायचं नाही, शेजाऱ्याकडे नाहीतर शाळेत झोपा, चार रात्री अडचण झाली तरी चालेल.

वीज चालू करायला कितीही आग्रह झाला तरी प्लगपर्यंत पाणी गेलेलं असेल तर वायरमनने बघितल्याशिवाय मेन वर करायचा नाही. फ्रिज, पंप, मिक्सर वरून सुकलेले दिसतात, आत चिखल असतो. तार पडलेली दिसली तर लांब राहा आणि 1912 ला कळवा. घरात गॅसचा वास आला तर काडी नाही, स्विच नाही, दारं उघडून बाहेर या आणि 1906 ला फोन.

मग झाडू हातात घेण्याआधी मोबाईल घ्या. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते, तिच्या बाजूला माणूस उभा करून फोटो काढा म्हणजे पाणी किती होतं ते कळतं. प्रत्येक खोली दारातून एकदा पूर्ण, मग खराब झालेली वस्तू जवळून, मेलेलं जनावर असेल तर पुरायच्या आधी, शेत असेल तर बांधावरून आणि मधे जाऊन. एकदा घर धुवून टाकलं की पाहणीला येणाऱ्या तलाठ्याला काय दाखवणार?

चिखल ओला असतानाच काढा, सुकला की सिमेंटसारखा धरतो. पण गमबूट घालून, हातात मोजे नाहीतर निदान प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. लाकडाच्या ढिगात, कपाटामागे, पडलेल्या कौलांखाली थेट हात घालू नका, आधी काठीने हलवा, पुराच्या पाण्याने फुरसं, घोणस, नाग कोरड्या जागी येऊन बसतात. चावलंच तर दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, माणसाला चालवायचं नाही. चावलेला भाग न हलवता थेट हॉस्पिटल. मंत्र घालायला नेण्यात जो वेळ जातो त्यात माणूस हातचा जातो, हे कळकळीने सांगतो.

दुसरं दुखणं लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचं. उंदराच्या मुतातून पाण्यात येतं आणि पायाच्या भेगेतून शरीरात जातं. चिखलात काम केल्यावर पुढचे दोन-तीन आठवडे ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर घरी पॅरासिटामॉल घेत बसू नका, आरोग्य केंद्रात जाऊन "मी पुराच्या पाण्यात होतो" हे डॉक्टरांना सांगा. आधीच प्रतिबंधक गोळी घ्यायची का तेही त्यांनाच विचारा.

विहिरीबद्दल जरा सविस्तर, कारण इथे सगळ्यात जास्त अंदाजपंचे चालतं. विहिरीत पुराचं पाणी गेलं असेल तर पंप लावून ते काढायचं, पण एकदम तळ दिसेपर्यंत नाही, बाजूची माती पाण्याने जड झालेली असते आणि आतून आधार गेला की बांधकाम ढासळतं. थोडं थोडं काढा. डिझेल-पेट्रोलचा पंप विहिरीत उतरवून चालवायचा नाही, त्या धुराने माणसं मरतात. मग ब्लीचिंग पावडर. विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग 0.785 ने, म्हणजे किती हजार लिटर ते येतं. 3 मीटर रुंद आणि 4 मीटर पाणी असेल तर साधारण 28 हजार लिटर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर लागते, पुरानंतर दुप्पट धरा, म्हणजे या विहिरीला 140 ग्रॅम. ती तशीच वरून फेकायची नाही. एका बादलीला 100 ग्रॅमच्या आत घेऊन आधी थोड्या पाण्यात लगदा करा, मग बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा, तळचा चुना टाकून द्या. रात्रभर थांबा. त्यानंतरही काही दिवस प्यायचं पाणी उकळूनच. पाण्याला डिझेलचा वास येत असेल तर ब्लीचिंगने काही होणार नाही, ती विहीर प्यायला बंद ठेवा.

जुलाब लागले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, मुलांना घोट घोट देत राहा.

नुकसानभरपाईचा अर्ज पंचायतीत तोंडी सांगून होत नाही, मामलेदार कार्यालयात लेखी द्या, फोटो जोडा. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांत सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000 रुपये, किमान 15 टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला 6,500, कच्च्याला 4,000, दुभती गाय किंवा म्हैस गेली तर 37,500 असे आकडे होते. थोडं वाटतं आणि थोडंच आहे, पण हक्काचं आहे. जनावर मेलं तर पशुवैद्यकीय डॉक्टरकडून पंचनामा करूनच पुरा.

शेतीचं वेगळं, ते विभागीय कृषी कार्यालयात, शेतकरी आधार निधीसाठी, आणि तिथे कृषी कार्ड लागतं. ज्यांनी अजून काढलं नाही त्यांनी पावसाआधी काढून घ्या. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावच्या सामाईक मालकीची, किंवा कुळाची असेल, नावावर नसेल, तर कागदांचं काय ते आधीच विचारून ठेवा, पाणी आल्यावर धावपळ होते. भातात पाणी साचलं असेल तर आधी बांध फोडून निचरा, पानांवरचा गाळ स्वच्छ पाण्याने धुवा, मेलेल्या जागी शेजाऱ्याकडची उरलेली रोपं लावा, आणि युरिया पाणी उतरल्यावरच, आधी टाकला तर वाहून जातो. कुळागरात, म्हणजे माड-सुपारीच्या बागेत, पाटांमधला गाळ पहिला काढा, माड-पोफळीच्या बुंध्याशी पाणी थांबू देऊ नका, आणि पावसाने उसंत दिली की सुपारीवर बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) परत मारून घ्या, नाहीतर कोळेरोगाने, म्हणजे फळ कुजण्याच्या रोगाने, उरलेली सुपारीही गळून पडते.