लेकरू रांगायला लागायच्या आधी घरात काय काय आवरायचं

सोलापुरातल्या घरात पहिली नजर टाकायची ती पाण्यावर. आपल्याकडं नळ काही दिवसांआड येतो, मग बादल्या, बॅरल, मोरीतला हौद सगळं भरून ठेवावंच लागतं, आणि रांगतं लेकरू बादलीच्या काठाला धरून उभं राहतं, आत डोकावतं, डोकं जड असतं म्हणून तोंडावरच आत जातं आणि परत वर येता येत नाही. चार बोटं पाणी पण पुरतं हो, आवाजसुद्धा होत नाही. म्हणून बॅरलला घट्ट बसणारं झाकण लावा (वर नुसतं ताट ठेवून भागत नाही), मोरीच्या दाराला बाहेरून उंचावर कडी, रिकामी बादली लगेच पालथी. आणि नळ आला की सगळं घर पाणी भरायच्या घाईत असतं, तेव्हा एका माणसानं फक्त लेकराकडं बघायचं, दुसरं काम सांगायचंच नाही त्याला.

मग शेंगा. चटणीसाठी भाजलेले दाणे ताटात पसरून खाली ठेवायची सवय मोडा, कारण एक दाणा श्वासनळीत गेला तरी जीवावर बेततं. पाच वर्षांच्या आत अख्खा दाणा नको, फुटाणे नको, द्राक्षं पण उभी चिरूनच द्या. घास अडकला तर अंदाजानं तोंडात बोट घालू नका, आणखी आत जातो. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली, पाठीत पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाब, हे डॉक्टरांकडून आधीच नीट शिकून घ्या.

विड्या वळणाऱ्या घरात तंबाखूचं सूप लेकराच्या हाताला लागेल असं ठेवूच नका, तंबाखू पोटात गेली तर विषच आहे. फिनाईल, रॉकेल पाण्याच्या बाटलीत भरायचं नाही, आणि लेकरानं प्यायलंच तर उलटी करायला लावू नका, बाटलीसकट सरळ सिव्हिल गाठा. रिमोटमधला बटण सेल गिळला तरी तसंच, वाट बघत बसू नका. लोखंडी कूलरचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, पाणी भरताना प्लग काढा.

कॉटवरची चादर खाली लोंबत असेल आणि वर चहाचा कप असेल तर लेकरू चादर ओढणारच, तेवढी आत खोचून टाका. भाजलं तर 20 मिनिटं वाहतं पाणी, नळ नसेल तर साठवलेलं तांब्यातांब्यानं ओतत राहा, बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. आणि 108 नंबर आजीच्या मोबाईलमध्ये पण सेव्ह करून द्या, दुपारी घरात त्याच असतात.