पर्यावरणपूरक मेकअप पाउच बनवणारा कारखाना ऑर्डरआधी कसा पारखावा

पाउच हातात घेतला की शिवण दिसते, चेन कशी सरकते ते कळतं, कापडाचा पोत बोटांना जाणवतो. पण त्यातलं पॉलिस्टर टाकाऊ बाटल्यांपासून आलंय की नव्या कच्च्या मालापासून, हे डोळ्यांना दिसत नाही आणि नेहमीच्या लॅब चाचणीतही उमगत नाही. वितळवून पुन्हा धागा काढलेलं पॉलिस्टर आणि नवं पॉलिस्टर ही रसायन म्हणून एकच वस्तू. सेंद्रिय कापसाचंही बरंचसं तसंच. त्यात जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेला कापूस मिसळला असेल तर चाचणीत सापडू शकतो, पण शेती सेंद्रिय पद्धतीने झाली होती हे कापडाकडे पाहून कोणीच सिद्ध करू शकत नाही.

म्हणजे ज्या गुणासाठी तुम्ही जादा पैसे मोजणार, त्याचा पुरावा फक्त कागदांच्या साखळीत असतो. बरेच नवे ब्रँड सॅम्पलवर भाळतात, दर ठरवतात आणि प्रमाणपत्रांचा विषय ऑर्डर दिल्यानंतर काढतात. तोवर कापड खरेदी झालेलं असतं आणि कागद नंतर तयार होत नाहीत. माझं ठाम मत आहे की कागद आधी तपासावेत, सॅम्पल नंतर.

१. मागणी नेमक्या शब्दांत मांडा

‘इको-फ्रेंडली पाउच हवेत’ एवढंच लिहून कोटेशन मागवलं, तर प्रत्येक कारखाना त्याचा सोयीचा अर्थ लावतो आणि आलेल्या दरांची तुलनाच करता येत नाही. त्याऐवजी पाउचचे सगळे भाग लिहून काढा: बाहेरचं कापड, अस्तर, मधला फोम असल्यास तो, चेनची पट्टी, दात आणि रनर, शिलाईचा धागा, लेबल, छपाईची शाई, पॅकिंग. प्रत्येकापुढे कोणतं मटेरियल हवं, कापड किती जीएसएमचं (दर चौरस मीटरला किती ग्रॅम वजनाचं) हवं आणि त्या भागाबद्दल तुम्ही ग्राहकाला काय सांगणार आहात, ते लिहा. ‘बाहेरचं कापड १०० टक्के रीसायकल केलेलं’ आणि ‘पाउच १०० टक्के रीसायकल केलेला’ ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसरं क्वचितच खरं असतं, कारण रनर, धागा, अस्तर यांपैकी काहीतरी नवं असतंच. ‘व्हीगन लेदर’ लिहिलेलं असेल तर ते कशाचं आहे हे विचाराच. बहुतेक वेळा उत्तर पीयू किंवा पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकच निघतं.

ही बारकाई कायद्याच्या दृष्टीनेही लागते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार ‘पर्यावरणस्नेही’, ‘ग्रीन’ अशा मोघम दाव्यांना पुराव्याशिवाय मनाई आहे, आणि ती लागू होण्याची तारीख २७ सप्टेंबर २०२६ आहे. तुम्ही कुठेही विकत असलात तरी ग्राहकासमोर केलेल्या दाव्याचं उत्तर पाउचवर ज्याचं नाव छापलंय त्यालाच द्यावं लागतं. कारखाना तेव्हा समोर नसतो.

२. कोणतं प्रमाणपत्र कशाबद्दल बोलतं ते ओळखा

कारखान्याच्या माहितीपत्रकावर लोगोंची रांग असते. त्यातला प्रत्येक लोगो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

जीओटीएस, म्हणजे ग्लोबल ऑरगॅनिक टेक्सटाइल स्टँडर्ड, सेंद्रिय धाग्यांसाठी आहे. त्यात ‘ऑरगॅनिक’ असं लेबल लावायला किमान ९५ टक्के सेंद्रिय धागा लागतो आणि ‘मेड विथ ऑरगॅनिक’ म्हणायला किमान ७० टक्के. शिवाय रंगाईतली रसायनं, सांडपाणी आणि कामगारांच्या अटीही त्यात तपासल्या जातात. ओसीएस, म्हणजे ऑरगॅनिक कंटेंट स्टँडर्ड, मात्र फक्त सेंद्रिय धागा किती आहे तेवढंच मोजतं. रीसायकल मालातही अशीच जोडी आहे. जीआरएस, म्हणजे ग्लोबल रीसायकल्ड स्टँडर्ड, याच्या प्रमाणनासाठी किमान २० टक्के रीसायकल मटेरियल लागतं, ग्राहकाला दिसेल असा लोगो लावायला किमान ५० टक्के, आणि रसायनं व कामगार हे विषयही त्यात येतात. आरसीएस, म्हणजे रीसायकल्ड क्लेम स्टँडर्ड, ५ टक्क्यांपासून सुरू होतं आणि फक्त प्रमाण बघतं.

सगळ्यात जास्त घोळ ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० बाबत होतो. त्यात कापडातल्या घातक द्रव्यांची तपासणी होते. ती उपयोगाचीच आहे, पण पूर्णपणे नव्या पॉलिस्टरलाही ते प्रमाणपत्र मिळू शकतं. ते दाखवून कोणी ‘आमचं कापड शाश्वत आहे’ म्हणत असेल तर त्या कारखान्याची समज किंवा सचोटी, दोन्हींपैकी एक कमी आहे. आयएसओ ९००१ आणि १४००१ ही व्यवस्थापन पद्धतीची प्रमाणपत्रं आहेत. तुमच्या पाउचमध्ये काय आहे याबद्दल ती काही सांगत नाहीत.

३. प्रमाणपत्र स्वतः उघडून वाचा

पीडीएफमधली तारीख किंवा नाव बदलणं अवघड नसतं. म्हणून पाठवलेल्या फाइलवर न थांबता जीओटीएसच्या किंवा टेक्सटाइल एक्स्चेंजच्या सार्वजनिक यादीत जाऊन तो परवाना क्रमांक शोधा. जीआरएस, आरसीएस आणि ओसीएस ही तिन्ही टेक्सटाइल एक्स्चेंजची मानकं आहेत. ओइको-टेक्सच्या वेबसाइटवरही लेबल क्रमांक टाकून बघता येतो.

यादीत नाव सापडलं की लोक निश्चिंत होतात, पण खरी माहिती स्कोप प्रमाणपत्राच्या, म्हणजे कारखान्याला मिळालेल्या मूळ प्रमाणपत्राच्या, आतल्या पानांवर असते. बिलावर जे नाव येणार आहे तेच नाव आणि तोच पत्ता तिथे आहे का? मुदत साधारण वर्षभराची असते. तुमचा माल तयार होईल त्या तारखेपर्यंत ती टिकते का? उत्पादनांच्या यादीत बॅग किंवा अ‍ॅक्सेसरीज आहेत, की फक्त टॉवेल आणि चादरी? आणि प्रक्रियेच्या रकान्यात काय लिहिलंय? तिथे शिलाई किंवा उत्पादन नसून फक्त ‘ट्रेडिंग’ असेल, तर समोरचा माणूस कारखानदार नाही, मधला व्यापारी आहे. व्यापाऱ्याकडून माल घेण्यात गैर काही नाही. मात्र मग पाउच कुठे शिवले जाणार आणि त्या जागेचं प्रमाणपत्र कुठे आहे, हे त्याने सांगायलाच हवं.

दुसरी नेहमीची फट म्हणजे कापड गिरणीचं प्रमाणपत्र दाखवणं. गिरणी प्रमाणित आहे, कापडही प्रमाणित आहे, पण शिलाईचा कारखाना साखळीत नाही. साखळी जिथे तुटते तिथून पुढे त्या मानकाचं नाव वापरता येत नाही, मग कापड कितीही खरं असो.

४. टीसी मागा आणि वजनाचा हिशेब घाला

स्कोप प्रमाणपत्र सांगतं की हा कारखाना असा माल बनवू शकतो. या लॉटमध्ये तो माल खरोखर गेला का, हे सांगतं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, ज्याला व्यवहारात टीसी म्हणतात. तयार पाउचचं टीसी माल निघाल्यानंतरच मिळतं. पण कारखान्याने विकत घेतलेल्या कापडाचं टीसी त्याच्याकडे आधीच असायला हवं. तेच मागा. पुरवठादाराचं नाव झाकून दिलं तरी चालेल.

मग कागद-पेन घ्या. समजा २,००० पाउच हवेत आणि एकात बाहेरचं कापड ६० ग्रॅम जातं. म्हणजे १२० किलो कापड नुसतं पाउचमध्येच आहे, आणि कटिंगमध्ये वाया जाणारं धरलं तर त्याहून जास्त लागणार. कारखान्याने दाखवलेलं टीसी ४० किलोचं असेल, किंवा दोन वर्षांपूर्वीच्या खरेदीचं असून त्यातून आधीच्या ऑर्डरी गेल्या असतील, तर उरलेलं कापड कुठून येणार हा साधा प्रश्न विचारा. ‘तुमच्या ऑर्डरनंतर नवीन कापड मागवू, त्याचं टीसी देऊ’ हे उत्तर चालेल, फक्त ते लेखी घ्या. ‘ते सगळं होऊन जाईल, काळजी करू नका’ हे उत्तर चालणार नाही.

इथेच किमान ऑर्डरचा आकडाही बोलतो. प्रमाणित कापड हव्या त्या रंगात रंगवून घ्यायचं तर गिरणीलाही ठरावीक मीटरचा लॉट लागतो. कोणी अगदी थोड्या नगांत, कोणताही रंग, प्रमाणित कापडात देतो म्हणाला, तर ते कापड शिल्लक साठ्यातलं आहे का आणि त्या साठ्याचे कागद आहेत का, हे विचारा.

५. सॅम्पल वापरून, माखून, धुऊन बघा

मेकअप पाउचचं आयुष्य इतर पिशव्यांपेक्षा कठीण असतं. आत तेल गळतं, फाउंडेशन सांडतं, परफ्यूममधलं अल्कोहोल छपाईवर येतं. दोन-चार महिन्यांत डागाळून फेकला जाणारा पाउच कितीही सेंद्रिय असला तरी मी त्याला पर्यावरणपूरक म्हणणार नाही. कापूस पिकवायला, रंगवायला लागलेलं पाणी तेवढंच खर्च झालेलं असतं.

म्हणून कारखाने आत पुसता येईल असं अस्तर देतात, आणि तडजोड तिथेच लपते. ते अस्तर पीव्हीसी आहे, पीयूचा थर आहे, टीपीयू आहे की आणखी काही, हे लेखी मागा. पीयूचा थर दमट हवेत काही वर्षांनी सुटून पापुद्रे निघतात. कॅनव्हासला चिकटवलेलं प्लास्टिक नंतर वेगळं करता येत नाही, त्यामुळे पाउच पुढे रीसायकलही होत नाही. सुटं शिवलेलं, पलटून धुता येणारं अस्तर मला सगळ्यात बरं वाटतं.

कापडावर पाणी न टिकू देणारी प्रक्रिया केली असेल तर पीएफएएस गटातली (फ्लोरिनयुक्त) रसायनं वापरली का, हे नाव घेऊन विचारा. निसर्गात ती जवळजवळ विघटित होत नाहीत, आणि कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून नव्या कापडी वस्तूंत त्यांच्या वापरावर बंदी आहे, हँडबॅगांसकट. घरी एक प्राथमिक चाचणी करता येते: बाहेरच्या कापडावर पाण्याचा आणि शेजारी खाद्यतेलाचा थेंब ठेवा. मेण किंवा सिलिकॉनची प्रक्रिया पाणी अडवते, पण तेल हळूहळू मुरतं. तेलही मण्यासारखं उभं राहिलं तर संशय घ्यायला जागा आहे आणि नमुना लॅबमध्ये पाठवावा. प्लास्टिकचा थर असलेल्या पृष्ठभागावर ही चाचणी उपयोगाची नाही, तिथे तेल तसंही मुरत नाही.

बाकीच्या चाचण्या सोप्या आहेत. पाउच भरलेल्या बाटल्यांनी ठासून रात्रभर टांगून ठेवा आणि चेनच्या दोन्ही टोकांची शिवण बघा, फाटायला सुरुवात तिथूनच होते. ओल्या पांढऱ्या फडक्याने गडद रंग घासा. फाउंडेशन आणि लिपस्टिक लावून एक दिवस तसंच ठेवा, मग धुवा. धुण्याआधी आणि नंतर मोजमाप घ्या, कारण सुती कॅनव्हास आटला आणि चेनची पट्टी आटली नाही, तर चेन लाटेसारखी वाकडी होते. कडेचा एक धागा काढून सुरक्षित जागी जाळून बघा: सूत कागदासारखा वास देत जळतं आणि मऊ राख उरते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. ‘शंभर टक्के सुती’ म्हणून आलेल्या कापडात मिश्रण असेल तर ते इथेच कळतं.

६. कारखाना आणि तिथली माणसं बघा

जाता आलं तर जा. नाहीतर कामाच्या वेळेत व्हिडिओ कॉल करा आणि कच्च्या मालाच्या गोदामापासून पॅकिंगपर्यंत न थांबता चालत दाखवायला सांगा. प्रमाणित कापडाचे रोल वेगळे ठेवलेत का, त्यांवर लॉट क्रमांक आहेत का, तुटलेल्या सुयांची नोंदवही आहे का, हे बघा. मशिनं मोजा. दहा मशिनांच्या जागेत महिन्याला लाखभर पाउच होतात असं सांगत असतील, तर काम बाहेर दिलं जातं. तिथे कोण, किती तास, किती पैशांत शिवतं, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

सामाजिक ऑडिटचा, म्हणजे कामगारांच्या परिस्थितीच्या तपासणीचा अहवाल मागा, पण त्यावर विसंबू नका. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला एसए ८००० हे याच विषयाचं प्रमाणपत्र मिळून काही आठवडेच झाले होते, तेव्हा ११ सप्टेंबर २०१२ रोजी तिथे आग लागली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायचे मार्ग बंद होते, आणि अडीचशेहून अधिक कामगार मेले. म्हणून कॉलवर आपत्कालीन दरवाजा उघडून दाखवायला सांगा, त्यासमोर खोके रचलेत का ते बघा. अहवालात एकही त्रुटी नसेल तर मला उलट शंका येते. त्रुटी, त्यांवर केलेली दुरुस्ती आणि तिच्या तारखा दिसल्या की विश्वास बसतो.

रंगाई बहुतेक वेळा दुसरीकडे होते. त्या युनिटचं नाव आणि तिथे सांडपाण्यावर प्रक्रिया होते का, हे विचारायला विसरू नका.

७. अटी लिहून छोटी ऑर्डर द्या

ऑर्डरच्या कागदावर पहिल्या पायरीतली यादी जशीच्या तशी जोडा. मंजूर सॅम्पल दोन्ही बाजूंच्या सहीने सीलबंद करून एक-एक प्रत ठेवा. परवानगीशिवाय काम बाहेर द्यायचं नाही, तयार मालाचं टीसी मिळालंच पाहिजे आणि त्याचा खर्च कोणाचा, हे लिहा. लोगो छापायचा असेल तर लेबलच्या डिझाइनला प्रमाणन संस्थेची आधी मंजुरी लागते. ती प्रमाणित उत्पादकाकडून मागा आणि मंजुरी हातात येईपर्यंत टॅग छापू नका. प्रत्येक नगाला वेगळी प्लास्टिक पिशवी नको असेल तर तेही लिहावं लागतं, नाहीतर ती येतेच.

सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. उरलेली रक्कम तपासणी झाल्यावर, माल निघण्याआधी, अशी अट ठेवा. तपासणीसाठी आयएसओ २८५९-१ ची नमुने काढून तपासण्याची पद्धत सर्वत्र चालते. २,००० नगांच्या लॉटमधून सर्वसाधारण तपासणी पातळी २ वर १२५ पाउच कोणत्याही खोक्यांतून काढायचे. मोठ्या दोषांसाठी एक्यूएल (दोषांची स्वीकारार्ह पातळी) २.५ ठरली असेल तर त्या पद्धतीच्या तक्त्यानुसार ७ सदोष नगांपर्यंत लॉट स्वीकारायचा, ८ निघाले की नाकारायचा. कोणता दोष मोठा आणि कोणता किरकोळ, हे आधीच ठरवा. चेन अडकणं मोठा, लोंबणारा धागा किरकोळ. आत राहिलेली सुई एकही खपवून घ्यायची नाही.

तपासणीतून आलेल्या एका पाउचवर तेलाच्या थेंबाची आणि धुण्याची चाचणी पुन्हा करा आणि सीलबंद सॅम्पलशेजारी ठेवून बघा. माल निघाल्यावर टीसी आलं की त्यावरचा बिल क्रमांक, तारीख आणि वजन तुमच्या बिलाशी ताडून घ्या, आणि त्यानंतरच दावा वेबसाइटवर टाका.