एसएमपीएस कमजोर आहे? मग ग्राफिक्स कार्ड असं निवडा

डोंबिवलीहून भाच्याचा फोन आला, "मामा, गेम लोड झाला की पीसी धाडकन बंद पडतो, ब्लू स्क्रीन पण येत नाही." विचारलं तर कळलं की पठ्ठ्याने सेकंडहँड आरएक्स ५८० घेतलंय, १८५ वॅटचं ग्राफिक्स कार्ड, आणि घरातल्या सहा वर्षं जुन्या लोकल एसएमपीएसला (पीसीला वीज देणारा डबा) कार्डाची ८ पिनची वायरच नव्हती म्हणून विकणाऱ्याने एक मोलेक्सचं (जुना ४ पिनचा पॉवर प्लग) कन्व्हर्टर हातात ठेवलं. मी म्हटलं आधी स्विच बंद कर आणि तो प्लग वास घेऊन बघ. प्लास्टिक पिवळं पडायला लागलं होतं. थोडक्यात वाचलं म्हणायचं.

म्हणून सांगतो, कार्ड बघायच्या आधी कॅबिनेटचं साइड पॅनल उघडा आणि एसएमपीएसचा स्टिकर वाचा (एसएमपीएस स्वतः मात्र कधीच उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो). वर मोठ्या अक्षरात ४५० किंवा ५०० लिहिलेलं असेल त्याकडे दुर्लक्ष करा. खाली छोटा टेबल असतो त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते बघा आणि त्याला १२ ने गुणा, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवरच चालतात. समजा १४ अँपिअर लिहिलंय तर झाले १६८ वॅट, वरती ४५० छापलेलं असलं तरी. १२ व्होल्टच्या दोन लाइन दिल्या असतील तर दोघींची बेरीज करू नका, खाली दोघींचं मिळून मॅक्स वॅट वेगळं लिहिलेलं असतं तेच खरं धरा.

आता हिशोब. आय५ ६५०० सारखा प्रोसेसर ६५ वॅटचा, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून तीसचाळीस वॅट धरा, म्हणजे कार्ड सोडून शंभरेक झाले. मदरबोर्डचा लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉट कार्डला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, ६ पिनची वायर आणखी ७५ देते आणि ८ पिनची १५०. कमजोर एसएमपीएस असेल तर जास्त विचार करूच नका, ज्या कार्डला वेगळी वायर लागतच नाही तेच घ्यायचं. आणि वरच्यासारखा १६८ वॅटवाला लोकल डबा असेल तर तेही नको, त्याला हे ७५ सुद्धा झेपणार नाहीत, आधी नीट कंपनीचा ४५० वॅटचा ८० प्लस (कमी वीज वाया घालवण्याचं सर्टिफिकेट असलेला) एसएमपीएस घ्या आणि कार्ड दोन महिन्यांनी.

आज नवं घ्यायचं तर माझं मत सरळ आहे, आरटीएक्स ३०५० ६ जीबी. ७० वॅट, बहुतेक मॉडेलना वायर लागत नाही, १०८० पीवर मीडियम सेटिंगला बरेच गेम छान चालतात आणि डीएलएसएस (एआय वापरून एफपीएस वाढवणारं फीचर) मिळतं. पण इथेच लोक फसतात, कारण याच नावाचं ८ जीबीवालं कार्ड पण आहे आणि ते १३० वॅटचं आहे, त्याला वायर लागते. दुकानात नुसतं "३०५० द्या" म्हणू नका, ६ जीबी म्हणा आणि बॉक्सवरचा फोटो बघून कार्डाच्या वरच्या कडेला प्लगची जागा नाही ना ते स्वतः तपासा. हेच जीटीएक्स १६५० बद्दल, ते पण ७५ वॅटचं पण काही मॉडेलना ६ पिन लागतेच.

ऑफिसमधून निघालेला डेलचा किंवा एचपीचा छोटा पीसी असेल, ज्यात १८० वॅटचाच एसएमपीएस असतो आणि तो बदलायचा म्हटलं तर कनेक्टर पण वेगळे, तिथे आरएक्स ६४०० बघा. फक्त ५३ वॅट, आणि लो प्रोफाइलमध्ये (कमी उंचीच्या, छोट्या कॅबिनेटमध्ये बसणाऱ्या साइजमध्ये) मिळतं. याच्या दोन अडचणी आहेत, एक म्हणजे ते स्लॉटच्या चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं त्यामुळे जुन्या पीसीआय एक्सप्रेस जेन ३ बोर्डवर स्पीड कमी होतो, आणि दुसरं म्हणजे त्यात व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ रेकॉर्ड करणारा भाग) नाही, सो स्ट्रीमिंग किंवा गेम रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी याच्या नादी लागू नये. इंटेलचं आर्क ए३८० पण ७५ वॅटचं आहे पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं बोर्डाचं सेटिंग) लागतं, जुन्या बोर्डवर नको. जीटी ७१०, ७३० गेमिंगसाठी घेऊच नका.

सेकंडहँड १०५० टीआय अजूनही फिरतंय, ७५ वॅटचं, पण त्यात नकली माल खूप आहे, जुन्या जीटीएस ४५० किंवा ५५० टीआयच्या चिपवर बायोस (कार्डातलं सॉफ्टवेअर) बदलून विकतात. ओळखायची सोपी खूण, मागे निळा व्हीजीए पोर्ट दिसला तर हात लावू नका, कारण खऱ्या १०५० टीआयच्या चिपमध्ये अॅनालॉग आउटपुटच नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला घेत असाल तर दुकानातच लावून जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवायला सांगा, नकली असेल तर बहुतेक वेळा तिथेच फेक लिहून येतं. दाखवायला तयार नसेल तर पुढच्या दुकानात जा, ग्रँट रोड स्टेशनपर्यंत दुकानंच दुकानं आहेत.

आणि कन्व्हर्टरचं परत एकदा सांगतो कारण हे खरंच धोक्याचं आहे. मोलेक्ससारखं साटाचंही (हार्डडिस्कला वीज देणारा प्लग) कन्व्हर्टर मिळतं, पण साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे सगळं मिळून ५४ वॅट. त्यावरून ६ पिन काढून ७५ वॅट ओढले तर तो प्लग तापणारच. दुकानदार "चलता है" म्हणाला तरी नाही म्हणा.

कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर कार्डाला लावा, बोर्डाला नाही. मग आफ्टरबर्नर (कार्डाची सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) टाकून पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर आणा आणि गेममध्ये ६० एफपीएसचं (सेकंदाला ६० फ्रेम) लॉक लावा, फरक फारसा जाणवत नाही पण एसएमपीएसवरचा लोड खरंच कमी होतो. पहिल्या दिवशी तासभर गेम चालवताना एचडब्ल्यू इन्फो या सॉफ्टवेअरमध्ये १२ व्होल्टचा आकडा बघत राहा, ११.४ च्या खाली गेला तर कार्ड काढून ठेवा आणि एसएमपीएस आधी बदला. भाच्याकडे आम्ही तेच केलं, आरएक्स ५८० विकून टाकलं, नवा एसएमपीएस आणला, ३०५० ६ जीबी लावलं, आणि तासभर खेळूनही आकडा १२ च्या आसपासच होता.