मुंबईहून आलेली पत्रं आणि चिठ्ठ्याचपाट्या : ट्रंकेतून फाइलीत कशी आणावीत

परभणी, बीड, नांदेड, लातूरकडच्या ज्या घरातून कुणी गिरणीत, गोदीत, रेल्वेत लागलं किंवा शिकायला मुंबईला गेलं, त्या घरात बहुतेक वेळा माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक असते. आत पोस्टकार्डं, निळी अंतर्देशीय पत्रं, मनीऑर्डरची कुपनं, एखादी तार, खाणावळीची पावती, ट्रामचं तिकीट, लग्नपत्रिका. घर पाडायची वेळ आली की त्यातली ‘महत्त्वाची’ चार पत्रं बाजूला काढतात आणि बाकीचं भंगारात जातं. घात इथेच होतो. पत्रात तारीख नसते, ती कुपनाच्या शिक्क्यावर असते. खोलीचा पत्ता पत्रात नसतो, तो रेशनकार्डावर सापडतो. म्हणून छाटणी करूच नका. सगळं जपायचं आणि ज्या क्रमाने सापडलं त्या क्रमाने जपायचं.

वेळ कोणती निवडावी

मे महिन्यात ट्रंक उघडू नका. चाळिशी पार केलेल्या कोरड्या हवेत जुना कागद पापडासारखा होतो आणि घडी उलगडताना घडीवरच तुटतो. मृगाचे दोन-चार पाऊस झाले की हवेत ओल येते आणि तोच कागद लवचीक होतो. घड्या उलगडायचं काम तेव्हा करा. कायमचं बंद करून ठेवण्याचं काम मात्र दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. पावसाळ्यात बंद केलेल्या खोक्यात ओल अडकते आणि बुरशी धरते.

सामान फार लागत नाही : एक इंची मऊ ब्रश, टीपकागद, एचबी पेन्सिल, लहान पक्कड आणि तार कापायचं कटर, पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मच्या पट्ट्या, पांढरे सुती कापड, मास्क. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोज्यांपेक्षा स्वच्छ बोटं बरी, कारण मोज्यातून कागदाची कड जाणवत नाही आणि ती फाटते.

पहिलं काम : हात लावण्याआधी फोटो

ट्रंक उघडून वरून एक फोटो घ्या. मग थर काढत जा आणि प्रत्येक थराचा फोटो घ्या. गठ्ठ्यावर बांधलेली सुतळी, गठ्ठा ज्यात गुंडाळला ते फडकं, वर ठेवलेली चिठ्ठी, यातलं काहीही टाकू नका. कुणी कुणाची पत्रं एकत्र बांधली होती हे त्या सुतळीवरूनच कळतं.

तारेला लावलेली पत्रं

आपल्याकडे आलेलं पत्र वाचून झालं की खुंटीवर लटकणाऱ्या तारेला टोचायची रीत होती. तारेच्या तळाशी लाकडी किंवा पत्र्याची चकती, वरचं टोक वाकवून केलेला आकडा. प्रत्येक नवं पत्र वरून खाली सरकवलेलं, म्हणजे तळाचं सर्वांत जुनं आणि वरचं सर्वांत अलीकडचं. तारीख नसलेल्या पत्रांसाठी यापेक्षा भरवशाचा पुरावा नाही, म्हणून ही तार घाईने मोकळी करू नका.

आधी गठ्ठ्याचा चारी बाजूंनी फोटो घ्या. मग वरचा आकडा पकडीने सरळ करा. गंजून कडक झाला असेल तर कटरने कापा. तार जाईल, पण पत्र राहील. वरून एकेक कागद दोन्ही हातांनी सरळ उचला, तिरका ओढू नका, नाहीतर भोक फाटून कडेपर्यंत जातं. कागद गंजाने तारेला चिकटला असेल तर त्याच्याखाली दोन बाजूंनी फिल्मच्या पट्ट्या सरकवा आणि तार हळूहळू गोल फिरवा. गंजाची पकड सुटते. तेल, रॉकेल, पाणी काही लावू नका. काढलेल्या प्रत्येक कागदाच्या मागे, खालच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने हलक्या हाताने आकडा घाला : ता-१, ता-२. बॉलपेन नको, ते कागदात रुततं आणि पलीकडे उमटतं.

टाचण्या आणि यू-पिनाही अशाच काढायच्या : मागचे पाय आधी सरळ करून, कागदाखाली फिल्म ठेवून. रबरबँड चिकटला असेल तर तो ओढू नका. कोरडा झालेला रबर तुकड्यातुकड्याने आपोआप सुटतो.

साफसफाई

मोकळ्या हवेत, सावलीत बसा. ब्रश मधून कडेकडे फिरवा, उलट फिरवला तर फाटक्या कडेत केस अडकतो. कसर आणि वाळवीची माती ब्रशने निघते. काळी-हिरवी बुरशी दिसली तर तो कागद वेगळा करा, दोन-तीन दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवा आणि बुरशी पावडरीसारखी सुटी झाल्यावरच मास्क लावून झटका. ओली बुरशी झटकली तर ती कागदात आणखी पसरते.

ओलं फडकं कधीही वापरू नका. फाउंटन पेनची निळी शाई पाण्याने पसरते. शाईच्या पेन्सिलीने लिहिलेली पत्रंही बऱ्याच घरांत सापडतात; ती अक्षरं कोरडी असताना करडी दिसतात आणि थेंब पडला की जांभळी होऊन पसरतात.

हळद-कुंकवाचे डाग साफ करू नका. लग्नाच्या आणि बारशाच्या पत्रांना ते मुद्दाम लावलेले असतात. मृत्यूची बातमी देणारं कार्ड वाचून झालं की घरात ठेवत नसत. त्यामुळे गठ्ठ्यात अचानक खंड दिसला तर त्या काळात घरात काय घडलं ते वडीलधाऱ्यांना विचारा.

घडी उलगडणं

अंतर्देशीय पत्र पावसाळ्यातही उलगडत नसेल तर झाकणाचा मोठा प्लॅस्टिक डबा घ्या. तळाला पिळून घेतलेला ओला टॉवेल, त्यावर उलट्या वाट्या, वाट्यांवर जाळी, जाळीवर पत्र. झाकण लावा आणि दर अर्ध्या तासाने बघा. बहुधा एक ते तीन तासांत घडी सैल होते. रात्रभर ठेवू नका, पाकिटाचा आणि तिकिटाचा डिंक सुटून पत्र आतच चिकटतं. शाईच्या पेन्सिलीचं पत्र या डब्यात घालूच नका. सैल झालेलं पत्र दोन टीपकागदांत ठेवून वर काच आणि जाड पुस्तकं ठेवा. तासाभराने टीपकागद बदला आणि मग दोन दिवस दाबून ठेवा.

फाटलेलं पत्र सेलोटेपने जोडू नका. काही वर्षांनी टेप पिवळी पडते आणि चिकटा शाईत उतरतो. तुकडे एका पाकिटात एकत्र ठेवणं पुरेसं आहे. लॅमिनेशन तर अजिबात नको. उष्णतेने प्लॅस्टिक कागदात वितळतं आणि ते परत काढता येत नाही. झेरॉक्सवाल्याकडे द्यायचंच असेल तर कागद काचेवर हाताने ठेवायला सांगा, आपोआप ओढणाऱ्या ट्रेमध्ये घालू देऊ नका.

तारीख आणि ठिकाण ओळखणं

पत्रावर नुसती ‘मिती माघ शुद्ध ५, शके १८६९’ असेल तर इसवी सन काढताना चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवा. इथे १८६९ अधिक ७९, म्हणजे फेब्रुवारी १९४८. निजामी कागदावर फसली साल (निजामाच्या सरकारी हिशेबाचं साल) आणि बहमन, खुर्दाद, मेहेर असे महिने दिसतात. ते साल ऑक्टोबरात सुरू होई. वर्षाच्या सुरुवातीच्या ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि पुढच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवा. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८.

टपालाच्या खुणा यापेक्षा पक्क्या असतात. मुंबईचा शिक्का तिकिटावर पडतो आणि आपल्याकडच्या पोस्टाचा बहुधा दुसऱ्या जागी. दोन्ही वाचले तर पत्र किती दिवसांत आलं तेही कळतं. पुसट शिक्का अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून तिरका धरला की उठून दिसतो. रेल्वेच्या पुठ्ठ्याच्या तिकिटाच्या टोकाला दाबून उमटवलेली तारीखही अशीच वाचता येते.

तिकिटावर आणे असतील तर ते १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधलं. पण हे साल तिकिटाचं, पत्र त्यानंतरचंही असू शकतं. आण्याची कोरी कार्डं घरात पडून असत आणि पुढे वरून एक तिकीट चिकटवून वापरली जात, म्हणून शिक्का आणि तिकीट दोन्ही बघा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. त्याआधी ‘मुंबई ४’, ‘मुंबई १२’, ‘मुंबई १४’ असं लिहीत. तेच आकडे पुढे ४००००४ गिरगाव, ४०००१२ परळ, ४०००१४ दादर असे पिनकोडच्या शेवटी आले.

आपल्या बाजूचा पत्ता तर आणखी बोलका असतो. ‘निजाम स्टेट’ लिहिलेलं पत्र १९४८ च्या आसपासचं किंवा त्याआधीचं धरा. ‘जालना, जि. औरंगाबाद’ असेल तर १९८१ च्या आधीचं, ‘लातूर, जि. उस्मानाबाद’ असेल तर १९८२ च्या आधीचं, ‘हिंगोली, जि. परभणी’ असेल तर १९९९ च्या आधीचं. मात्र जिल्हा बदलला तरी जुन्या माणसांच्या हाताला जुनाच पत्ता असे, म्हणून या खुणेवर एकटी भिस्त ठेवू नका. मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई.

पैशाचा उल्लेख आला की ‘कलदार’ (इंग्रजी राज्यातला रुपया) की ‘हाली’ (निजामाचा रुपया) ते बघा. साधारण सहा कलदार रुपयांना सात हाली रुपये, असा हिशेब होता. पत्रात ‘साठ कलदार पाठवले’ आणि घरच्या वहीत ‘सत्तर जमा’ दिसलं तर चूक समजू नका. मनीऑर्डरचं कुपन घेणाऱ्याकडे राही आणि सहीची किंवा अंगठ्याची पोच पाठवणाऱ्याकडे परत जाई, म्हणून मराठवाड्यातल्या ट्रंकेत कुपनंच मिळतात. मुंबईत राहणाऱ्या नातलगांना त्यांच्या बाजूच्या पावत्यांबद्दल जरूर विचारा.

मजकुरातून मिळणारे दाखले : ट्रामचं तिकीट असेल तर ३१ मार्च १९६४ च्या आधीचं, कारण त्या दिवशी मुंबईची ट्राम बंद झाली. गोदीतला मोठा स्फोट १४ एप्रिल १९४४ चा. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. त्यानंतरच्या महिन्यांत मनीऑर्डरी एकदम कमी झालेल्या दिसतात का ते तपासा. १९७२ च्या दुष्काळातली पत्रंही दोन्ही बाजूंनी जुळवून वाचण्यासारखी असतात.

मोडी किंवा उर्दू मजकूर अंदाजाने वाचू नका. गल्लीतल्या जुन्या उर्दू शाळेत शिकलेल्या आजोबांकडे पाकीट न्या. मोडीसाठी राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाच्या प्रशिक्षणवर्गांतून तयार झालेले वाचक मिळतात.

फोटो, पाकीट, पेटी

सकाळी दहा-अकराच्या सुमारास उत्तरेच्या खिडकीपाशी, फ्लॅश बंद करून, मोबाइल कागदाला समांतर धरून फोटो घ्या. कडेला पट्टी ठेवा. कोरी मागची बाजूही घ्या. स्कॅनर असेल तर पत्रांना ३०० डीपीआय, तिकिटं-कुपनांना ६००. फाइलचं नाव तारखेपासून सुरू करा : १९५८-०३-१२-परळ-परभणी-०१. तारीख माहीत नसेल तर शून्यं घाला, अंदाज नावात घालू नका; तो वहीत वेगळा लिहा. प्रती तीन ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या गावी.

पत्र आणि त्याचं पाकीट कधीच वेगळं करू नका आणि तिकीट तर अजिबात सोडवू नका. प्रत्येक पत्र पांढऱ्या, बिनरंगी, कापसाच्या हातकागदाच्या घडीत ठेवा. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यात असा कागद बनतो. फुलांच्या पाकळ्या किंवा गवत घातलेला शोभेचा कागद घेऊ नका. घड्या पुठ्ठ्याच्या पेटीत आडव्या ठेवा, पेटी ठासून भरू नका. पेटी लोखंडी कपाटात मधल्या कप्प्यात, जमिनीपासून निदान सहा इंच वर, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून दूर. पत्र्याखालचा माळा नको.

डांबरगोळ्या टाकू नका. त्यांची वाफ श्वासाला वाईट आणि त्याने कसरही पुरती जात नाही. कडुलिंबाची पानं ठेवायची तर पूर्ण वाळवून, कापडी पुरचुंडीत, कागदाला न लागता. ओल्या पानाचा डाग कागदावर कायमचा राहतो. सिलिका जेलची पुडी पावसाळ्यात ठेवा आणि उन्हाळ्यात काढून घ्या. महिन्या-दोन महिन्यांनी पेटी उघडून कोपरे बघा, विशेषतः श्रावण-भाद्रपदात.

संग्रह मोठा असेल आणि घरात सांभाळणारं कुणी नसेल तर तो राज्याच्या पुराभिलेखागाराला किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देता येतो. आधी पत्र लिहून ते घेतात का ते विचारा, सोबत यादी द्या आणि दानपत्रात दोन गोष्टी लिहून घ्या : क्रम बदलणार नाही, आणि स्कॅन घरच्यांना मिळतील. कागद पत्र ज्याला आलं त्याचा असतो. मजकुरावरचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. कर्ज, आजारपण, सोयरिकीतले रुसवेफुगवे असलेली पत्रं कुठेही छापण्याआधी दोन्ही घरांची लेखी संमती घ्या. ती मिळेपर्यंत अशी पत्रं यादीत फक्त क्रमांक आणि तारखेने नोंदवा.