वृद्धाश्रमात भाजी निवडायला बसवताना

आजी-आजोबांचा वेळ जावा म्हणून त्यांच्यापुढे रंगवायची चित्रं ठेवतात. उभा जन्म संसार ओढलेल्या माणसाला तो पोरखेळ वाटतो. त्यापेक्षा मेथीची जुडी द्या. मात्र निवडलेली भाजी त्याच दिवशी पानात यायलाच हवी. नुसतं हात गुंतवायला दिलेलं काम त्यांना लगेच कळतं.

नाश्ता झाल्यावर, दहाच्या सुमाराला बसवा. एका टेबलाशी चार-पाच जण, खुर्च्यांना हात असावेत, पाय जमिनीला टेकावेत. टीव्ही बंद करा. त्या गोंगाटात कानाला यंत्र लावलेल्यांना शेजारच्याचं बोलणं कळत नाही. आणि मेथी मूगडाळ घालून करायची की पीठ पेरून, हा वाद तर रंगायलाच हवा. नजर अधू असेल तर मेथी पांढऱ्या ताटात द्या, लसूण गडद ताटात. स्टीलचं ताट चकाकतं, ते टाळा.

दोघांत एक जुडी पुरते. मटार असेल तर माणशी पाव किलो शेंगा. लसणीच्या पाकळ्या अर्धा तास कोमट पाण्यात ठेवल्या की साल सहज सुटते. सुरी लागेल अशी भाजी नको.

हात थरथरत असतील तर ताटाखाली ओला पंचा घाला, ताट सरकत नाही. अर्धांगाने एक हात गेला असेल तर मेथीच्या चार-पाच काड्या कपड्यांच्या चिमट्याने ताटाच्या कडेला अडकवून द्या. स्मृतिभ्रंश असेल तर बोलण्याआधी एक पान खुडून दाखवा आणि एका वेळी एकच गोष्ट सांगा. ‘ओळखा पाहू कोणती भाजी?’ असली परीक्षा नको.

ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा हाती येईल ते जे तोंडात घालतात, त्यांच्यापुढे मटार, पानं काहीच ठेवू नका. दाणा घशात अडकतो. त्यांना त्याच टेबलाशी पंच्यांच्या घड्या घालायला द्या.

बिघडतं ते बहुधा शेवटी. कर्मचारी त्यांच्यादेखत भाजी पुन्हा निवडतात आणि दुसऱ्या दिवशी कोणी बसायला येत नाही. राहिलेल्या काड्या स्वयंपाकघरात नेऊन काढा. खाली पडलेल्या सालींवरून पाय घसरतो, म्हणून कोणी उठायच्या आधी केर काढा. अर्ध्या तासाने थांबा, जुडी उरली तरी चालेल.

आजोबांनाही बोलवा, पण आग्रह एकदाच. नातेवाइकांना आधी कल्पना द्या. नाहीतर ‘आईला कामाला जुंपलं’ अशी तक्रार येते.