पोलरॉइडची फिल्म उन्हाळ्यात कशी सांभाळायची

पोलरॉइड म्हणजे काढल्याबरोबर कॅमेऱ्यातूनच बाहेर येऊन हळूहळू उमटणारा फोटो. त्याच्या फिल्मचा पॅक घेताना आधी खोका उलटा करून उत्पादनाची तारीख बघा. तिथून साधारण १२ महिन्यांत फिल्म वापरून टाकायची. स्वस्तात मिळतो म्हणून जुना पॅक घेतला की फिके रंग आणि अर्धवट उमटलेले कोपरे पदरात पडतात. आठच फोटोंसाठी एवढे पैसे मोजायचे, तर तारीख बघायला आळस नको.

कॅमेऱ्यानुसार फिल्मचे आय-टाइप, ६००, एसएक्स-७० असे प्रकार असतात. आय-टाइप फिल्मच्या पॅकमध्ये बॅटरी नसते, ६०० आणि एसएक्स-७० च्या पॅकमध्ये असते आणि ते जुने कॅमेरे तिच्यावरच चालतात. त्यामुळे जुन्या ६०० कॅमेऱ्यात आय-टाइपचा पॅक घातला तर काहीच हलत नाही. ६०० ची फिल्म मात्र नव्या आय-टाइप कॅमेऱ्यात चालते.

घरी आणल्यावर पॅक फ्रिजमध्ये आडवा ठेवा, ४ ते १८ अंशांच्या दरम्यान. फ्रीझरमध्ये कधीच नाही. फोटोच्या खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायनाच्या चपट्या पुड्या असतात. ते रसायन गोठलं की नंतर नीट पसरत नाही. पॅकवर दुधाची पातेली, भाज्या असलं ओझंही नको, पुड्या दबतात. वापरायच्या आधी तासभर पॅक बाहेर काढून ठेवा आणि तोवर आतलं पाकीट फोडू नका, नाहीतर दमट हवेत थंड फिल्मवर पाणी धरतं. हे कोकणात आणि मुंबईत तर हमखास.

ही फिल्म १३ ते २८ अंशांत सगळ्यात चांगली उमटते. त्याहून थंडीत फोटो फिका, निळसर आणि सपाट येतो. उकाड्यात पिवळा-तांबडा रंग चढतो. नागपूर-परभणीकडच्या मे महिन्यात भर दुपारी फोटो काढायचे असतील तर कॅमेरा गाडीत सोडू नका, थंडावा टिकवणाऱ्या पिशवीतून न्या. आत बर्फाची पिशवी असेल तर तिच्यावर टॉवेल गुंडाळा. बर्फ फिल्मला थेट टेकता कामा नये. फोटो निघाला की लगेच सावलीत, जमलं तर एसीच्या खोलीत न्या. महाबळेश्वरच्या थंडीत याच्या उलट करायचं: फोटो स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

बाहेर आलेल्या फोटोचे पहिले काही सेकंद सगळ्यात नाजूक. फोटो बाहेर ढकलणारे कॅमेऱ्यातले रोलर पुडी फोडून रसायन पसरवतात, पण त्यातला प्रकाश अडवणारा थर लगेच पूर्ण काम करत नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या तोंडाशी असलेल्या काळ्या पडद्याखाली फोटो क्षणभर राहू द्या, मग अलगद काढून पालथा ठेवा. ओढून काढला तर रोलरची एकसारखी चाल बिघडते आणि रसायन कडेपर्यंत पोचत नाही. रंगीत फोटोला १० ते १५ मिनिटं लागतात, कृष्णधवलला ५ ते १०. मधेच उलटून बघायचा मोह आवरा. हलवू तर नकाच. फोटो लवकर उमटत नाही, उलट आतले थर सुटू शकतात. (फुजी कंपनीच्या इन्स्टॅक्स या अशाच झटपट फोटोच्या फिल्मला इतके लाड लागत नाहीत.)

फोटोंवर ठरावीक अंतराने तोच ठिपका दिसू लागला तर रोलरवर सुकलेलं रसायन चिकटलंय असं समजा. प्रत्येक पॅक संपला की झाकण उघडून धागे न सुटणारं कापड किंचित ओलं करा, रोलर बोटाने फिरवत पुसा आणि पूर्ण सुकू द्या. दोन्ही टोकं विशेष नीट पुसा, खपल्या तिथेच बसतात. रसायन दाहक असतं. हाताला लागलं तर भरपूर पाण्याने धुवा. फोटोही कात्रीने कापू नका, ते आतून बाहेर येतं.

ताजा फोटो आतून ओलाच असतो. महिनाभर तो हवाबंद अल्बममध्ये न घालता कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. विमानप्रवासात फिल्म चेक-इन सामानात न टाकता हातातल्या बॅगेत ठेवा आणि एक्स-रे यंत्राऐवजी हाताने तपासायची विनंती करा.