कळण्याचे क्रॅकर्स: तीन बॅच बिघडल्यावर जमलेले

बाहेरचे मल्टीग्रेन क्रॅकर्स पुडा उलटा करून वाचले की बऱ्याचदा पहिलं नाव मैद्याचंच असतं, म्हणून म्हटलं घरीच करू. आपल्या खान्देशात कळण्याचं पीठ डब्यात असतंच की. ज्वारी आणि सालासकट काळे उडीद, आमच्याकडे चाराला एक, कोणी उडीद थोडे जास्त घालतं. नुसती ज्वारी लाटायला गेलं की कडा फाटतात कारण तिच्यात गव्हासारखा चिकटपणा नाही, पण कळण्यात उडीद असतो ना, तो पीठ धरून ठेवतो, त्यामुळे क्रॅकर्सना हे पीठ एकदम फिट बसतं.

पहिली बॅच खारट झाली, चूक माझीच. आमच्याकडे दळतानाच खडे मीठ टाकतात हे डोक्यातच नाही राहिलं आणि वरून अजून अर्धा चमचा घातलं. तेव्हा आधी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून बघा, मग मीठ. आणि पीठ ताजं हवं, महिनाभर पडलेल्या ज्वारीच्या पिठाची विरी जाते, म्हणजे ते नीट धरून राहत नाही, भाकरी थापणाऱ्यांना हे सांगायला नको.

एक वाटी कळणं, अर्धी वाटी गव्हाची कणीक, दोन टेबलस्पून शेंगदाण्याचं तेल कडकडीत तापवून त्याचं मोहन, एक चमचा तीळ, अर्धा चमचा ओवा. तेल पिठाला चांगलं चोळायचं, मूठ वळली पाहिजे, आणि मग उकळतं पाणी थोडं थोडं घालत चमच्याने हलवायचं, साधारण अर्धी वाटी लागतं पण पिठावर आहे. गार पाण्याने मी दुसरी बॅच केली होती, लाटताना तुकडे तुकडे. गरम पाण्याने ज्वारीची थोडी उकड होते आणि गोळा वळतो. पंधरा मिनिटं झाकून ठेवा मग हाताला तेल लावून मळा.

आता खरं काम लाटण्याचं. पोळपाटावर नको, दोन बटर पेपरच्या मध्ये गोळा ठेवून लाटा, म्हणजे उचलायची भानगडच नाही, खालच्या पेपरसकट ट्रेमध्ये सरकवायचं. जाडी एक-दीड मिलिमीटर, म्हणजे फुलक्याहूनही पातळ, आणि सगळीकडे सारखी. तिसऱ्या बॅचमध्ये मधे जाड राहिलं, कडा काळ्या झाल्या तरी मधला भाग चामट. सुरीने चौकोन आखून घ्या, प्रत्येकाला काट्याने चार-पाच टोचे मारा नाहीतर पुरीसारखे फुगतात.

ओटीजी आधी तापवून 160 डिग्री, अठरा ते बावीस मिनिटं, मधे ट्रे एकदा फिरवायचा कारण मागची बाजू जास्त तापते (निदान माझ्याकडे तरी). 200 वर पटकन होतात असं वाटतं पण वरून लाल आणि आतून ओलेच राहतात. कुरकुरीतपणा रंगातून नाही येत, पाणी निघून गेल्यावर येतो. म्हणून स्विच बंद केला की दार किंचित उघडं ठेवून दहा मिनिटं आतच राहू द्या. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर, वर कापड दाबत दाबत, खाकऱ्यासारखे भाजा, वेळ जातो पण होतात.

आता प्रयोग करायचे तर एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नक्की कशाने बिघडलं ते कळत नाही. मी ट्रेच्या अर्ध्या भागावर साधे आणि अर्ध्यावर जवस पेरलेले केले, पेरल्यावर लाटणं हलकं फिरवा म्हणजे दाणे गळत नाहीत. कच्चा लसूण मात्र घालू नका, जळून कडू लागतो, लसूण आवडत असेल तर मोहनाच्या तेलातच तळून काढून टाका, वास तेलात उतरतो. बाजरीही छान लागते फक्त पीठ आठवड्याच्या आतलं घ्या, ते लवकर खवट होतं. सोडा मी घालत नाही, जरा जास्त पडला की साबणासारखी चव येते.

आमच्या आजीने एक तोडून तोंडात टाकला आणि म्हणाली, "हाऊ ते बिबडाच शे!" (हा तर बिबडाच आहे). आता बिबडे म्हणजे आपले ज्वारीचे पापड, ते वाळवून तळायचे आणि हे भाजलेले, पण वाद कोण घालणार, तिने भरिताबरोबर अर्धी ताटली संपवली.

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, आतल्या वाफेने मऊ पडतात. उन्हाळ्यात इकडे पंधरा दिवस आरामात टिकतात, जुलै-ऑगस्टमध्ये सादळतात, तेव्हा 150 वर पाच-सहा मिनिटं परत तापवून घ्या आणि गार करून मगच खा, गरम असताना मऊच लागतात.